हिंदुराव आवडतो, तो का?

(पुसद येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चित्रपटातील सर्वश्रेष्ठ नायक-अभिनय कोणता, असा प्रश्न निघाला की पुरोगामी मंडळींच्या ओठांवर पहिले नाव येते बलराज साहनींचे. ते रास्तच आहे. ‘दो बिघा जमीन’ (१९५३) मधील शंभू पुसदच्या कापूसवाल्या शेतकऱ्याला परका वाटण्याचे कारण नाही. जमीनदाराच्या कागदावर फुगलेले कर्ज आणि ते फेडण्यासाठी कलकत्त्याच्या रस्त्यांवर ओढलेली रिक्षा! परंतु शंभूवर प्रेम करण्यासाठी प्रेक्षकाला काहीच मोजावे लागत नाही. पीडितासाठी अश्रू ढाळून माणूस निर्धास्त मनाने घरी जातो.

निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील असे घरी जाऊ देत नाही. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला आणि रामदास फुटाणे यांनी निर्मिलेला ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. हिंदुराव हा साखरपट्ट्यातला सहकारसम्राट. अशा माणसाला मिशीवर ताव देणारा खलपुरुष करून टाकणे किती सोपे होते! फुले यांनी ते केले नाही. त्यांचा हिंदुराव आवाज चढवत नाही, कारण त्याला कधी तो चढवावाच लागलेला नाही. त्याच घोगऱ्या, सावकाश स्वरात तो पाहुण्याची विचारपूस करतो आणि त्याच स्वरात धाकही घालतो. प्रेक्षकाला तो आवडू लागतो, आणि अभिनयाची खरी करामत येथेच आहे.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात भांडवल म्हणजे यंत्रे, अवजारे, इमारती. हिंदुरावाचे भांडवल आहे उपकार. भागभांडवल सभासदांचे, पाठबळ सरकारचे, आणि वाटणारा हात मात्र त्याचा! घेणारा जन्माचा मिंधा होतो. ब्रँडोच्या ‘गॉडफादर’लाही (१९७२) हीच विद्या अवगत आहे, पण तो गुन्हेगारांचा म्होरक्या आहे, हिंदुराव मते मागून येतो. त्यामुळे आपल्याला हिंदुराव अधिक जवळचा, आणि अधिक धोक्याचा.

त्याच्या समोर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर उभा आहे. एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक, आता दारूत बुडालेला. तो हिंदुरावाच्या घरी राहतो, त्याचे अन्न खातो, त्याची दारू पितो. तरीही मारुती कांबळेचे पुढे काय झाले, हे विचारायचे सोडत नाही. लागूंनी या माणसाला हुतात्म्याचा झगा चढवला नाही. थरथरणारे हात, ओशाळलेली नजर, आणि त्यातूनच पुन्हा वर येणारा तो प्रश्न. मिंधेपणा आणि सचोटी एकाच देहात नांदताना दिसतात. वर्गणीसाठी ज्याच्या ओट्यावर बसावे लागते त्याच्याविरुद्धच मोर्चा काढायची वेळ ज्यांच्यावर आली असेल, त्यांना या भूमिकेचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

फुले हे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले. पुण्यात त्यांनी माळीकामही केले होते. सत्तेकडे त्यांनी खालून पाहिले होते. म्हणूनच की काय, तिचे आर्जव त्यांना अचूक सापडले. (‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस हाच नट आहे, हे क्षणभर खरे वाटत नाही.) पुढे १९८७ मध्ये सामाजिक कृतज्ञता निधी उभारताना लागू आणि फुले हे दोघेही ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करीत महाराष्ट्रभर हिंडले. कार्यकर्त्याला मानधन मिळावे, त्याला कोणाच्या दारात मिंधे व्हावे लागू नये, यासाठी तो निधी होता.

पुसदने राज्याला वसंतराव आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले. सत्तेची ऊब आणि तिची किंमत, दोन्हींचा अंदाज या गावाला आहे. ऊस असो वा कापूस, वाटणारा हात सगळीकडे सारखाच दिसतो. येथे ‘सामना’चा खेळ पुन्हा लावावा, आणि कार्यकर्त्यांनी पडद्याऐवजी थोडा वेळ प्रेक्षकांकडे पाहावे. हिंदुरावाच्या बोलण्यावर कोण कोण मनापासून हसते, याची नोंद घ्यावी. त्यात स्वतःला वगळू नये.