हेड्रियनच्या भिंतीवरून चालताना

(दुर्गप्रेमी कार्यकर्त्यांसमोर एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



दुर्गप्रेमींच्या सभेत इंग्लंडमधील एका भिंतीविषयी बोलायचे, हे काहींना खटकण्याचा संभव आहे. सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर शेकडो किल्ले उभे असताना, परक्या देशातील, आणि त्या देशावरही परक्यांनीच बांधलेल्या भिंतीचे कौतुक कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भाषणाच्या ओघात येईल. आधी ती भिंत पाहू.

इ.स. १२२ मध्ये रोमन सम्राट हेड्रियन ब्रिटन बेटावर आला. साम्राज्य आणखी वाढविण्यापेक्षा आहे ते राखावे, हे त्याचे धोरण. त्याच सुमारास उत्तर सीमेवर, पूर्वेच्या टाइन नदीच्या मुखापासून पश्चिमेच्या सॉल्वे खाडीपर्यंत, समुद्रापासून समुद्रापर्यंत भिंत घालण्याचे काम सुरू झाले. रोमन मापाने ८० मैल, आजच्या हिशेबाने सुमारे ११७ किलोमीटर. तीन लीजन, म्हणजे रोमची तीन मोठी सैन्यदले, या कामाला जुंपली गेली. रुंदी आठ ते दहा फूट, उंची अंदाजे पंधरा फूट. दर मैलावर एक दरवाजा असलेली चौकी, दोन चौक्यांच्या मध्ये दोन बुरूज, उत्तरेला खंदक, आणि पुढे रेषेवरच उभारलेले मोठे किल्ले.

आता यातील दरवाजे ध्यानात घ्या. नुसता शत्रू अडवायचा असता, तर मैलामैलाला दार कशाला ठेवले असते? जाणारा-येणारा माणूस, गुरे, माल यांवर नजर ठेवणे आणि कर वसूल करणे, हाही त्या भिंतीचा उद्योग होता, असे अभ्यासक मानतात. आपल्याला हे चटकन समजावे. मिठावरचा कर बुडू नये म्हणून एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी याच हिंदुस्थानात सिंधूपासून महानदीपर्यंत २,३०० मैलांहून लांब जकातीची रेषा आखली होती. तिच्या बऱ्याच भागावर काटेरी कुंपण वाढविले होते आणि पहाऱ्याला सुमारे १२,००० माणसे होती. १८७९ मध्ये ती रेषा मोडली. आज तिचा मागमूस क्वचितच लागतो आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत तिचा उल्लेखही सहसा सापडत नाही. असो.

२००३ मध्ये या भिंतीच्या कडेने ८४ मैलांची, म्हणजे १३५ किलोमीटरची राष्ट्रीय पदयात्रावाट खुली झाली. साधारण सात दिवसांत ती चालून होते. मी पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलो. पहिल्या दिवशी माणसाची निराशा होते, हे आधीच सांगून ठेवतो. वॉल्सएंड म्हणजे भिंतीचे टोक. तेथे पूर्वी जहाजे बांधली जात. पुढे न्यूकॅसल शहर, नदीचा काठ, पूल, वसाहती. भिंत कोठेच नाही. ती शहराच्या पोटात गेली आहे. शहर ओलांडले की थोडा तुकडा दिसतो आणि मग मैलोगणती सरळ डांबरी रस्ता लागतो. हा रस्ताच भिंतीच्या अंगावरून गेला आहे. १७४५ मध्ये स्कॉटलंडमधून बंड उठले, तेव्हा न्यूकॅसलच्या सरकारी फौजेला तोफा घेऊन पश्चिमेकडे वेळेत पोहोचता आले नाही. म्हणून बंड मोडल्यानंतर लष्करी रस्ता बांधण्यात आला आणि त्याच्या पायाला भिंतीचेच दगड फोडून घातले. सोळा शतके उभी राहिलेली भिंत त्या देशाच्या सरकारनेच अशी गाडली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र चालणाऱ्याचे पाय थबकतात. काळ्या अग्निजन्य खडकाची एक लांबच लांब कड उत्तरेकडे तुटलेली आहे आणि तिच्या माथ्यावरून भिंत चढत-उतरत जाते. खडक काळा, उत्तरेला ताशीव कडा, कड्यावर तटबंदी. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. उंची मात्र बेताची. सर्वांत उंच जागा अवघी ३४५ मीटर. आपल्या राजगडापुढे ती टेकडीच. पण वारा असा की बोलणे ऐकू येत नाही.

या भिंतीवर पहारा कोण देत होते? रोमचे नागरिक फार थोडे. जिंकलेल्या देशांतील तरुण येथे आणून ठेवले होते. आजच्या रुमानिया, बेल्जियम, नेदरलँड्स आणि स्पेनच्या भूमीतले शिपाई, सीरियातील तिरंदाज. टायग्रिस नदीवरील नावाड्यांचे एक पथकही टाइनच्या मुखाशी होते. पंचवीस वर्षे चाकरी केली की नागरिकत्व मिळे. कोणाच्या सीमेवर कोणाची मुले! पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात उभ्या राहिलेल्या मराठी, गढवाली आणि शीख जवानांची येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

साउथ शील्ड्सच्या संग्रहालयात एक समाधिशिला आहे. पाल्मिरा नगरीतील बराटीस नावाच्या माणसाने ती आपल्या पत्नीसाठी उभारली. तिचे नाव रेजिना. ती दक्षिण ब्रिटनमधील एका टोळीची, पूर्वी त्याची दासी, त्याने मुक्त करून विवाह केलेली. तिसाव्या वर्षी गेली. वरचा मजकूर रीतीप्रमाणे लॅटिनमध्ये आहे. खाली एक ओळ मात्र त्याने स्वतःच्या मातृभाषेत, पाल्मिराच्या लिपीत कोरवून घेतली, आणि तिच्यात नावे आणि मुक्त दासी असल्याचा उल्लेख यांखेरीज फक्त एक हाय आहे. त्या थंड किनाऱ्यावर ती लिपी वाचू शकणारे किती असतील? शोक मात्र त्याने आपल्याच भाषेत केला. मातृभाषेविषयीची अनेक भाषणे मी ऐकली आहेत; त्या एका ओळीइतके थोडक्यात कोणी सांगितलेले मला आठवत नाही.

भिंतीच्या दक्षिणेस मैलभर अंतरावर विंडोलांडा हा किल्ला आहे. भिंतीहूनही जुना. १९७३ मध्ये तेथील ओल्या, हवाबंद मातीत पातळ लाकडी फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडू लागली. सुमारे इ.स. १०० मधील एका पत्रात एका अधिकाऱ्याची पत्नी दुसऱ्या अधिकाऱ्याच्या पत्नीला आपल्या वाढदिवसाचे आग्रहाचे आमंत्रण देते. दुसऱ्या एका पत्रात कोणाला तरी मोजे धाडल्याचा मजकूर आहे. आणि एका हिशेबात चक्क मिऱ्याची खरेदी नोंदली आहे, दोन दिनारांची. काळी मिरी त्या काळी आपल्या मलबार किनाऱ्यावरूनच रोमकडे जात असे. लॅटिन भाषेतील ‘पिपेर’ हा शब्दही आपल्या ‘पिप्पली’पासून ग्रीकमार्गे तेथे पोहोचलेला. रोमची वस्तू आपल्याकडे सापडली की आपण तिचे कौतुक करतो, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतील समुद्रदेवाची ब्राँझमूर्ती सर्वांना ठाऊक आहे. पण आपला माल रोमन जगाच्या उत्तर टोकावरील एका शिपाईगड्याच्या हिशेबात होता, हे आपल्या मुलांना कोण सांगणार?

अशीच आणखी एक खूण कॅरॉबर्ग येथे आहे. रस्त्याकडेला गवताळ, पाणथळ जागेत एक लहानसे मंदिर १९४९ च्या कोरड्या उन्हाळ्यात उघडे पडले. ते मिथ्रस देवाचे. इराणमधील मिथ्र आणि आपल्या ऋग्वेदातील मित्र ही एकाच मुळाची नावे. रोमन उपासनेचे स्वरूप फार वेगळे होते, तेव्हा उगाच नाते ताणू नये. पण नावाचा धागा खरा आहे. तेथील एका वेदीवर देवाच्या मस्तकाभोवतीचे किरण दगडात आरपार कोरले आहेत, म्हणजे मागे दिवा ठेवला की अंधारात ते उजळत. जवळच कोव्हेंटिना देवीचे कुंड होते. १८७६ मध्ये त्यातून तेरा हजारांहून अधिक नाणी निघाली. इतक्या लोकांनी तेथे काही मागितले होते! आज त्या देवीला हात जोडणारा कोणी नाही. मूळ वेद्या न्यूकॅसलच्या संग्रहालयात आहेत, जागेवर प्रतिकृती. मी पायताण बाहेर काढून आत गेलो, तेव्हा बरोबरच्या एका पदयात्रीने नवलाने पाहिले. प्रतापगडावर भवानीची पूजा आजही नित्य होते, त्यात आपल्याला काही नवल वाटत नाही. त्या रिकाम्या वेदीपुढे मला ते वाटले.

आता राखणीचा विषय. सुमारे इ.स. ४१० मध्ये रोमची सत्ता ब्रिटनमधून गेली आणि भिंत बेवारस झाली. पुढची चौदा शतके ती परिसराची आयती खाण होती. चर्च, मठ, गढ्या, शेतांचे बांध, सारे तिच्या दगडांनी बांधले. म्हणजे पूर्वजांच्या वास्तूंविषयी इंग्रज समाज जन्मतःच जागरूक होता, हा समज खोटा आहे. ही जागृती घडवावी लागली, आणि ती घडविली सामान्य माणसांनी.

१८०१ मध्ये बर्मिंगहॅमचा विल्यम हटन नावाचा गृहस्थ निव्वळ ही भिंत पाहण्यासाठी घरातून पायी निघाला. वय अठ्ठ्याहत्तर. काळा पोशाख, खांद्याला पिशवी, छत्री आणि दौत. भिंत एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलट, आणि पुन्हा घरी. सारे मिळून सुमारे ६०० मैल. वाटेत एक जमीनदार शेतघरासाठी भिंत पाडताना आढळला. या म्हाताऱ्याने त्याला कळकळीचा निरोप धाडला. तेथला एक तुकडा त्यामुळेच वाचला, असे सांगतात. मग आला जॉन क्लेटन, न्यूकॅसल नगराचा कारभारी. त्याने शेतामागून शेते विकत घेतली, ती केवळ भिंतीच्या प्रेमाने. अखेरीस पाच रोमन किल्ले त्याच्या मालकीचे झाले आणि पडलेले दगड त्याने आपल्या माणसांकडून पुन्हा रचून घेतले. १८४९ मध्ये कॉलिंगवूड ब्रूस याने भिंतीची पहिली सामुदायिक यात्रा काढली. त्यांनी शब्दच ‘तीर्थयात्रा’ असा वापरला! १८८६ नंतर ती साधारण दर दहा वर्षांनी होत आली आहे. आपल्याकडे लोकमान्यांनी रायगडाच्या जीर्णोद्धारासाठी १८९५ मध्ये निधी उभा करण्याचे आवाहन केले, त्यामागची समाज उभा करण्याची दृष्टी याहून कितीतरी व्यापक होती. परंतु यात्रा पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवण्याची त्यांची चिकाटी पाहण्यासारखी आहे.

हाच तो समाज, ज्याच्या अधिकाऱ्यांनी १८१८ मध्ये नाशिककडील किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडविल्या. स्वतःच्या घरी ते परक्या विजेत्याची भिंतही जपू लागले होते, आणि येथे जिंकलेल्यांची स्मृतिस्थाने मोडत होते. याचे कारण उघड आहे. ते स्वतःला रोमन समजू लागले होते. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १९०६ मध्ये मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात याच भिंतीवरच्या तरुण रोमन अधिकाऱ्याच्या कथा आहेत. वाचताना आपण वायव्य सरहद्दीवरच्या इंग्रज अधिकाऱ्यालाच भेटतो आहोत असे वाटते. भिंत साम्राज्याची होती. आपले दुर्ग साम्राज्याविरुद्ध उभे राहिलेल्या स्वराज्याचे. एवढा मोठा फरक असताना राखणीत मात्र ते पुढे आणि आपण मागे, ही गोष्ट मला चालताना सतत टोचत होती.

१९३० च्या सुमारास या काळ्या खडकासाठी दगडखाणी भिंत खाऊ लागल्या. बेकारीचे दिवस होते. रोजगार हवा, असे खाणवाल्यांचे म्हणणे होते, आणि ते खोटेही नव्हते. तरीही लोकमत उठले आणि १९३१ मध्ये प्राचीन स्मारकांचा कायदा अधिक कडक झाला. कॉफील्ड्स येथे भिंत चालता चालता एकाएकी संपते, सुरी फिरवावी तशी, आणि खाली खाणीचे पाणी दिसते. ती जागा त्यांनी झाकलेली नाही. आपल्या जिल्ह्यांतील खडी क्रशर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी तेथे दहा मिनिटे उभे राहावे.

वाटेची शिस्तही सांगतो. भिंतीवर चढू नये. एकामागे एक न चालता शेजारी-शेजारी चालावे, म्हणजे गवतात चर पडत नाही. गवताखाली पुरातत्त्वीय अवशेष आहेत. हिवाळ्यात जमीन ओली असते, म्हणून त्या काळात वाट चालू नका, असे आवर्जून सांगतात. पदयात्रीला एक पुस्तिका मिळते. ठरावीक ठिकाणी तीवर शिक्के घ्यायचे, आणि शिक्क्यांचा हंगाम मे ते ऑक्टोबर एवढाच. दंडाची भीती नाही, पोलीस नाही. विंडोलांडाच्या उत्खननात दर हंगामी स्वयंसेवक चिखलात गुडघे टेकून काम करतात, त्यात निवृत्त शिक्षक असतात, परिचारिका असतात.

तेथे सारे आलबेल आहे असे मात्र नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये भिंतीच्या एका खिंडीतला प्रसिद्ध सायकॅमोर वृक्ष दोघांनी रात्री कापून टाकला. खाली भिंतीलाही इजा झाली. समाज हळहळला, खटला चालला आणि जुलै २०२५ मध्ये दोघांना प्रत्येकी सव्वाचार वर्षांची कैद झाली.

त्याच जुलै महिन्यात आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतील जिंजी. हेड्रियनची भिंत त्या यादीत १९८७ पासून आहे. ढोल वाजले, फटाके उडाले, योग्यच झाले. पण आपल्याकडे किल्ल्यांवर सर्वाधिक झुंबड कधी उडते? ऐन पावसाळ्यात, माती भिजलेली असताना, तटाचे सांधे सैल झालेले असताना. लोहगडाच्या पायऱ्यांवरची रविवारची गर्दी आपण पाहिली आहे. तिच्यात आपलीच मुले असतात.

म्हणून येथे बसलेल्या मंडळांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. अकरा किल्ल्यांची एक पुस्तिका काढू. शिक्का गडाखालच्या गावात, एखाद्या शिक्षकाकडे किंवा बचत गटाच्या भगिनींकडे ठेवू, म्हणजे गावाचाही त्यात वाटा राहील. शिक्के नोव्हेंबर ते मे एवढेच मिळतील. पावसाळ्यात आपल्या शाखांच्या आणि शाळांच्या सहली गडावर न नेता पायथ्याला श्रमदानाला न्याव्यात. पहिल्या वर्षी शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन गड घेता येतील. नावे देण्यासाठी बाहेर टेबल मांडले आहे.