शेंद्रा : मांगीरबाबांचं आणि मोटारींचं
छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघालं, की चिकलठाणा विमानतळाच्या पुढे शेंद्रा लागतं. हल्ली नाव घेतलं की औद्योगिक वसाहतच आठवते. इथे २००१ साली स्कोडा मोटारींचा कारखाना सुरू झाला, पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातली ऑरिक नगरी आली. पण शेंद्रा कमंगर या गावाची जुनी ओळख म्हणजे मांगीरबाबांचं देवस्थान. चैत्रात यात्रा भरते, मातंग समाजाचे भाविक लांबून येतात. नवस फेडायला पाठीत लोखंडी गळ टोचून घ्यायचा, ही इथली प्रथा. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तिच्याविरुद्ध बोलत आले, आणि ते योग्यच. यात्रेची श्रद्धा मात्र त्या गळापेक्षा मोठी आहे. कारखान्यांची भिंत उभी राहिली तरी ती आटली नाही.