समुद्रतळाची शांतता आणि ठाण्याची आगगाडी
(भाषणाचा मजकूर)



ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील नागरिकांचे जीवन विजेच्या गाडीशी बांधलेले आहे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबई ते कुर्ला ही पहिली विद्युत गाडी धावली. 1929 मध्ये विजेची गाडी कल्याणमार्गे पुण्यापर्यंत पोहोचली. ही गाडी 1500 व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर चाले. गाडीला पुरवलेला प्रवाह रुळांतून परतताना काही अंशी जमिनीत झिरपतो आणि भोवतालच्या चुंबकीय क्षेत्रात चढउतार निर्माण करतो. शाळेतील होकायंत्राची सुई त्याने हललेली दिसणार नाही. परंतु नाजूक मापकांच्या दृष्टीने तो मोठाच गोंगाट असतो.

ही अडचण मुंबईने आगगाडीच्याही आधी अनुभवली. कुलाबा वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी होत असत. सप्टेंबर 1859 मधील प्रचंड सौर वादळात तेथील क्षैतिज क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरले. तेथील कर्मचाऱ्यांनी डोळ्यांनी वाचून लिहिलेले ते आकडे आजही जगभरचे अभ्यासक तपासतात. पुढे ट्रामला वीज द्यावयाचे ठरले. मुंबईकरांना ट्राम हवी होती, आणि तसे वाटण्यात काहीही गैर नव्हते. परंतु तिच्या प्रवाहाने कुलाब्याची नोंद कायमची बिघडली असती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी समुद्रापलीकडील अलिबागची जागा निवडली. तेथील इमारतीत लोखंड वर्ज्य करण्यात आले. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुना धागा नव्याशी जोडण्यात आला. 1907 मध्ये विजेची ट्राम सुरू झाली. ही दोन वर्षांची चिकाटी नसती, तर कुलाब्याच्या आकड्यांचे पुढचे पान कोरेच राहिले असते.

उपनगरी मार्गांवरील दिष्ट प्रवाह 2016 पर्यंत जाऊन 25 हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. तथापि वस्ती वाढते, तसा गोंगाटही वाढतो.

मग खरी शांतता कोठे? एक उत्तर समुद्रतळाशी आहे. खारे पाणी विद्युतवाहक असल्याने जलद चढउतार त्यात विरतात. सेकंदाला एक वेळ होणारा चढउतार सुमारे अडीचशे मीटर खोलीवर एक-तृतीयांश उरतो. याउलट तासांगणिक होणारे मंद बदल थेट तळापर्यंत पोहोचतात. अर्थात तळही निःशब्द नाही. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहणारे पाणी स्वतःच क्षीण प्रवाह निर्माण करते, आणि तो हिशेबातून वेगळा काढावा लागतो.

ज्या संस्थेकडे आज अलिबागची वेधशाळा आहे, त्या नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेने बंगालच्या उपसागराच्या तळाशीही असे मापक ठेवले. मापक वजनासह जहाजावरून सोडले जाते. काम संपल्यावर ध्वनिसंकेत मिळताच वजन तळाशी राहते आणि मापक साठवलेल्या नोंदींसह वर तरंगून येते. त्या नोंदींवरून तळाखालील खडकांची विद्युतवाहकता, पर्यायाने त्यांचे तापमान व घडण, यांचा अंदाज बांधता येतो. त्या ताडून पाहण्यासाठी मात्र किनाऱ्यावरील वेधशाळेची त्याच दिवसांची अखंड नोंद जवळ असावी लागते.