इंग्रजीचा पाठ आणि विद्यार्थ्याची भीड
(पुसद येथील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जात आहे. पुसद तालुक्यातील तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, शाळेत मराठी शिकते आणि त्याच वयात त्याच्यापुढे इंग्रजीही येते. त्याचा उच्चार चुकला की वर्ग हसतो. मूल खाली बसते ते पुन्हा उठत नाही. इंग्रजीच्या पाठातील अडचण भाषेची थोडी आणि भीडेची फार असते. या दृष्टीने श्रीमती रमाबाई रानडे यांचे विद्यार्थिजीवन मनन करण्याजोगे आहे.

१८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने आधी मराठी शिकविले. तो पाया झाल्यावर इंग्रजीचा आरंभ झाला. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे रुचत नसे. एकदा आमरसाचे भांडे धूत असता इंग्रजी वर्तमानपत्राचा एक कपटा रमाबाईंच्या दृष्टीस पडला आणि त्या त्यातील शब्द लावीत राहिल्या. तेवढ्यावरून त्यांना बोल ऐकावे लागले. टोमणे पुढेही थांबले नाहीत. परंतु त्यांनी अभ्यास टाकला नाही. इतरांची नजर चुकवून पहाटेच्या मंद उजेडात तो चालू ठेवला. पुढे पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजीतून भाषण वाचले. ते हायस्कूल १८८४ साली सुरू झाले. आपल्या आठवणी मात्र त्यांनी मराठीतच लिहिल्या. त्या १९१० साली प्रसिद्ध झाल्या.

त्या घरात हसणारे पुष्कळ होते, पण समजावून सांगणारा एक होता. तांड्यावरच्या मुलाला घरी असा एकही मनुष्य बहुधा लाभत नाही. ती जागा शिक्षकानेच भरावयाची आहे.

त्यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. कपाशीच्या बियाण्याची रिकामी पिशवी, साबणाचे वेष्टन, औषधाची पेटी मुलांनी आणावी आणि त्यांवरील ओळखीची अक्षरे शोधावी. शब्दाचा अर्थ मराठीत सांगावा, गोरमाटीत मुलाकडूनच विचारून घ्यावा; म्हणजे क्षणभर तेही शिक्षक होते. चूक झाल्यास न रागावता शुद्ध शब्द आपणच पुन्हा उच्चारावा. प्रथम वहीतून वाचू द्यावे, पाहिल्यावाचून बोलणे मागाहून यावे. रोज दहा मिनिटे पुरेत. मात्र खंड नसावा.

शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी कच्चे असेल, तर ते झाकू नये. अडलेला शब्द मुलांसमक्ष कोशात पाहावा. गुरुजीही शिकत आहेत हे ज्या वर्गाने पाहिले, त्या वर्गात चुकलेल्या मुलाला कोणी हसत नाही. मूल पुन्हा उभे राहिले, म्हणजे इंग्रजीचा पहिला पाठ पुरा झाला असे समजावे.