वाढण्याचे मोल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी आज येथे पुष्कळ बोलले गेले. आम्ही बोलणार आहोत ते एका उपाहारगृहात घेतलेल्या जेवणाविषयी. विषय हलका वाटेल. परंतु तो अखेरीस मंडळापाशीच येऊन थांबतो, म्हणून क्षमा असावी.

गणेशोत्सवातील महाप्रसादाची व्यवस्था ज्या काकूंनी चाळीसहून अधिक वर्षे सांभाळली, त्यांना अलीकडेच ऐंशी वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त कार्यकारिणीतील आम्ही पाचजण त्यांना दक्षिण दिल्लीतील एका नव्या धर्तीच्या उंची उपाहारगृहात घेऊन गेलो. काकूंना कोणी वाढीत आहे, असे दृश्य आम्ही कधी पाहिले नव्हते. ते एकदा पाहावे, एवढाच हेतू.

दिल्लीला देशी अन्नाचा असा थाट नवा नाही. १९७८ साली सुरू झालेल्या ‘बुखारा’त पाहुण्यांच्या गळ्यात एप्रन बांधून त्यांना हाताने जेवावयास लावतात. २००९ मध्ये ‘इंडियन ॲक्सेंट’ने देशी पदार्थ नव्या मांडणीने पुढे आणले. त्या वाटेने पुढे अनेकजण गेले; आम्ही गेलो ते त्यांपैकीच एक. मंद दिवे, भल्यामोठ्या थाळ्या आणि त्यांत एकामागून एक येणारे घासभर पदार्थ.

“सगळं एकदम का नाही वाढत?” काकूंनी विचारले. प्रश्न मार्मिक होता. आपल्या पानात डावी-उजवी बाजू एकदा सजली, की कशानंतर काय खावे हे जेवणारा ठरवतो. तेथे ते स्वयंपाकघर ठरवते.

चौथ्या खेपेला तळहाताहून लहान थालीपीठ आले, वर लोण्याचा गोळा. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून ज्वारी-बाजरीला अशा ठिकाणी मोठाच मान आला आहे. आमची छाती अभिमानाने फुगली. काकूंनी मात्र एक घास घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, “भाजणी एकत्र भाजलीय.”

वाढणाऱ्या मुलाने ते आत जाऊन सांगितले असावे. थोड्याच वेळात मुख्य आचारी स्वतः बाहेर आला. गढवालचा तरुण. काकूंनी त्याला आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत समजावले, की ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने या प्रत्येकाला भाजायला निराळा वेळ लागतो. एकत्र घातले तर बारीक ते करपते आणि जाड ते कच्चे राहते. म्हणून वेगवेगळे भाजावे आणि मग एकत्र दळावे. त्याने चूक मान्य केली, खिशातून वही काढली आणि प्रमाण विचारले.

काकू क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, “मापं कधी लिहिली नाहीत. कुणी विचारलंच नाही.”

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. परंतु आम्हां पाचांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांचे थालीपीठ आम्ही वर्षानुवर्षे मागून मागून खाल्ले. वार्षिक अहवालात ‘भोजनव्यवस्था उत्तम होती’ असे एक वाक्य दरवर्षी छापले. आजवरच्या अध्यक्षांची नावे आम्हांला क्रमाने पाठ आहेत. पण भाजणीत उडीद किती, हे ठाऊक नाही. ते विचारावयास एका परक्या तरुणाला यावे लागले.

बिलात सेवाशुल्क लावलेले नव्हते. ते सक्तीने आकारू नये, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. म्हणजे वाढण्याचे मोल जेवणाऱ्याने आपखुशीने द्यावयाचे. वाढणाऱ्या मुलाला ते आम्ही तेथल्या तेथे दिले. काकूंचे चाळीस वर्षांचे मोल मात्र तसेच थकलेले होते.

त्यानंतर दर रविवारी आमच्यापैकी दोघे वही आणि तराजू घेऊन काकूंच्या स्वयंपाकघरात बसतात. त्या धान्य मुठीने घेतात, आम्ही ती मूठ तोलून लिहितो. आमच्या या खटाटोपाला त्या हसतात, पण रविवारी आमची वाट पाहतात. वही पुरी झाली, की तिची पहिली प्रत त्या गढवाली तरुणाकडे जाईल. विचारण्याचा पहिला मान त्याचा आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी अशी एक मूठ आहे. ती आहे तोवर विचारून घ्या, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.