मीटरमागच्या चुली



घरात पैसा आला की वीज जास्त जळते, हे सांगायला अभ्यासक लागत नाही. आधी दिवा, मग पंखा, टीव्ही, फ्रिज. आणखी बरे दिवस आले तर गीझर, एसी. विजेचे दर हाच क्रम धरून ठरतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात : 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 ला दुसरा. 2024-25 मध्ये हा दुसरा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट होता. कमी वापर म्हणजे गरीब घर, त्याला वीज स्वस्त. हेतू चांगलाच आहे. पण सवलत मिळते ती मीटरला. त्या मीटरमागे चुली किती, हे दरपत्रक विचारत नाही.

वस्तीतली चार खोल्यांची एक रांग धरा. प्रत्येक बिऱ्हाड महिन्याला 70 युनिट वापरते. चार मीटर असते तर चौघीही पहिल्या टप्प्यात बसल्या असत्या. पण मीटर एकच, घरमालकाच्या नावावर. एकूण 280 युनिट, त्यातले 180 महाग दराने. वर मालकाचा स्वतःचा आकडा असतो तो वेगळाच. म्हणजे धुणीभांडी करणारी बाई 70 युनिटला दर मोजते तो 280 युनिट जाळणाऱ्या फ्लॅटवाल्यांचा!

बिल फुगले की काटकसर कुठे होते? मिक्सर फळीवर जातो, पाटा-वरवंटा खाली येतो. शिलाई मशीनची मोटर काढून पुन्हा पाय मारणे सुरू. 500 वॉटचा मिक्सर रोज दहा मिनिटे चालवला तर महिन्याला अडीच युनिट खातो. 75 वॉटचा पंखा दहा तास चालला तर साडेबावीस. वाचतात अडीच युनिट आणि जातात तिचे मनगट, तिचे तास. टीव्हीवरची मॅच बंद झालेली मी तरी पाहिली नाही.

2003 च्या वीज कायद्याचे कलम 43 सांगते की जागेचा मालकच नव्हे, तिथे राहणारी व्यक्तीही जोडणी मागू शकते. प्रत्यक्षात मालकाची संमती मागतात, भाड्याचा कागद मागतात. तो बहुतेकींकडे नसतो, आणि मागायला गेले तर खोलीच जायची, ही भीती खरी आहे. म्हणून अर्ज एकटीने देऊ नका. रांगेतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.