घर विकण्यापूर्वी

नोकरीच्या निमित्ताने लखनौस स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी गृहस्थाने गोमतीपलीकडे, निशातगंजात, घर घेतलेले असते. त्याच्या पश्चात मुले ते विकावयास काढतात आणि पहिली गाठ पडते ती दलालाशी. दलाल गिऱ्हाईक आणील, भाव जुळवील. मालकी मात्र त्याला जुळवता येत नाही.

खरेदीखताला तिकडे बैनामा म्हणतात, फेरफाराला दाखिल-खारिज. फसगत होते ती या दुसऱ्या कागदाने. नगर निगमाच्या दप्तरी थोरल्याचे नाव लागले, घरपट्टी तोच भरतो, तेव्हा घर त्याचेच, असा समज घरोघरी आढळतो. वस्तुतः ती नोंद कर कोणी भरावा एवढ्यापुरतीच. अशा नोंदीने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली स्पष्ट केले आहे. घर वडिलांचे स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे व मुली यांचा वाटा सारखा. नागपुरास दिलेल्या बहिणीची सही राहिली, तर गिऱ्हाईक हातचे जाते, घेतलेला इसार परत करावा लागतो. आणि तिला कोणी विचारलेच नाही, हे शल्य वेगळेच!

तेव्हा मूळ बैनामा, मृत्यूचा व वारसांचा दाखला, करपावत्या आणि घरावर बोजा नसल्याचा निबंधक कार्यालयाचा दाखला आधी जमवावा. मग दलालाकडे जावे. बहिणीला लखनौची वाट दूर असेल, तर तिने नागपुरासच दुय्यम निबंधकापुढे मुखत्यारपत्र करून पाठवावे. मात्र त्या मुखत्यारपत्राने फक्त सही करण्याचा अधिकार मिळतो. घर विकले जाते ते नोंदणी झालेल्या बैनाम्यानेच.